सातशे रुपयांचा फोटो आणि अल्झायमरचे भाकीत

गेल्या कापूस वेचणीच्या हंगामापासून आमच्या तालुक्यातल्या मोबाइलवर एक निरोप फिरतो आहे. त्याचा आशय असा: डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांच्या एका फोटोवरून अल्झायमर हा विसरण्याचा आजार वीस वर्षे आधी शंभर टक्के अचूक कळतो, डोळा हा मेंदूचाच भाग असल्याने हे शक्य होते, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले आहे, हळद पोटात गेली की आजाराचे डाग डोळ्यात चमकू लागतात, आता कॉम्प्युटर एका मिनिटात निदान करतो, म्हणून साठीपुढील प्रत्येकाने तपासणी करून घ्यावी, कारण लवकर कळले तर आजार बरा होतो. खाली शिबिराची तारीख, गाव आणि सातशे रुपये शुल्क.

मी नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून सत्तावीस वर्षे ग्रामीण रुग्णालयांत काम केले. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचे आणि अंधाऱ्या खोलीत पडदा बघायचा, हेच माझे रोजचे काम होते. निवृत्तीनंतरही गावातली माणसे कागद घेऊन घरी येतात. अशाच एका संध्याकाळी एक मुलगा आपल्या अडुसष्ट वर्षांच्या आईला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. तिच्या हातात गुळगुळीत रंगीत कागद होता. त्यावर दोन्ही डोळ्यांचे फोटो आणि लाल अक्षरांत ‘अल्झायमर धोका: उच्च’. बाईने खुर्चीवर टेकण्याआधीच विचारले, "साहेब, मले येड लागनार हाय म्हन्ते काय जी ह्या कागदात?" हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे. निरोपातले प्रत्येक विधान खोटे असते तर काम सोपे होते. त्यातली काही अर्धी खरी आहेत आणि अडचण तिथेच आहे.

डोळा हा मेंदूचा भाग आहे, हे विधान ढोबळपणे बरोबर आहे. गर्भात पडदा तयार होतो तो पुढच्या मेंदूतून बाहेर आलेल्या फुगवट्यापासून, आणि पडद्यापासून निघणारी दृष्टीची नस ही मज्जासंस्थेच्या मध्यवर्ती भागातच मोडते. शरीर न कापता जिवंत रक्तवाहिन्या थेट बघता येतील अशी सोय डोळ्यात आहे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये आपल्या उपकरणाने ती खिडकी डॉक्टरांसाठी उघडली. म्हणून मेंदूच्या आजाराचा माग डोळ्यात शोधण्याची कल्पना वेडगळ नाही, आणि या विषयावर जगभर गंभीर संशोधन चालू आहे. परंतु खिडकीतून अंगण दिसते म्हणून माजघरात काय चालले आहे ते समजलेच, असे होत नाही. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने मेंदूत साचत जातात आणि स्मरणाशी संबंधित भागातल्या पेशी मरतात. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या स्त्रीच्या आजाराविषयी पहिल्यांदा सांगितले, तिचे निदान त्यांनी मृत्यूनंतर मेंदूच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून केले होते. त्या प्रक्रियेचा पडद्यावरील रक्तवाहिन्यांवर नेमका काय परिणाम होतो, किती होतो आणि कधी होतो, हाच संशोधनाचा प्रश्न आहे. निरोपाने प्रश्नालाच उत्तर मानले आहे.

‘अमेरिकेत सिद्ध झाले’ यामागे बहुधा सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचा २०१८ मधला अभ्यास आहे. त्यात स्मरणशक्ती ठणठणीत असलेली तीस माणसे होती. तपासण्यांवरून त्यांतल्या चौदा जणांच्या शरीरात अल्झायमरच्या प्रक्रियेच्या खुणा आढळल्या होत्या, सोळा जणांच्या नव्हत्या. आपल्या पडद्याच्या अगदी मध्यभागी, जिथे सर्वांत स्पष्ट दिसते तिथे, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका असतो ज्यात केशवाहिन्याच नसतात. पहिल्या गटात हा रिकामा ठिपका सरासरीने मोठा आढळला. निष्कर्ष लक्षवेधी होता, म्हणून इतरांनी तोच प्रश्न हाती घेतला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०१९ मध्ये अल्झायमर झालेल्या ३९ रुग्णांच्या पडद्यावर केशवाहिन्या निरोगी लोकांपेक्षा विरळ दिसल्या. परंतु अॅमस्टरडॅम येथील चमूने १२४ निरोगी ज्येष्ठांची तपासणी करून २०२० मध्ये जे प्रसिद्ध केले ते उलटे होते: ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेले होते त्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या थोड्या दाटच निघाल्या, आणि मधल्या ठिपक्यात फरक सापडला नाही. सुरुवातीला सूज येऊन रक्तप्रवाह वाढत असेल आणि नंतर घटत असेल, असा तर्क मांडला जातो व तो खराही ठरू शकेल. मात्र ज्या खुणेबद्दल ती सुरुवातीच्या काळात वाढते की घटते यावर अजून एकमत नाही, तिच्या आधारे अडुसष्ट वर्षांच्या बाईला लाल अक्षरांत भविष्य सांगणे हा विज्ञानाचा वापर नव्हे.

यातला सर्वांत मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे, आणि तो शिकलेल्या माणसांनाही होतो. हे अभ्यास दोन गटांच्या सरासरीतला फरक सांगतात. ओलिताच्या शेतातल्या बोंडांचे सरासरी वजन कोरडवाहू शेतातल्या बोंडांपेक्षा जास्त भरेल, यावर कोणी वाद घालणार नाही. पण रस्त्यावर पडलेले एक बोंड उचलून, हे अमक्याच्या ओलितातले आहे असे कोणी सांगू लागला, तर पारावरची माणसे हसतील. कारण कोरडवाहूतही टपोरी बोंडे असतात आणि ओलितातही किडकी निघतात. पडद्यावरचा तो रिकामा ठिपका पूर्ण निरोगी माणसांतही इतका लहानमोठा असतो की एकाच्या मापावरून त्याचा गट ओळखता येत नाही.

त्यातही एक गोष्ट निरोप सोयीने गाळतो. वरील तिन्ही अभ्यास ओसीटी अँजिओग्राफी या यंत्रावर झाले. हे यंत्र साधा फोटो काढत नाही; ते पडद्याच्या एकाच जागेवर प्रकाशाचा किरण पुन्हा पुन्हा फिरवते आणि दोन फेऱ्यांमध्ये जे बदलले तेवढेच उरवते. स्थिर मांस दोन्ही वेळा सारखे दिसते, वाहणारे रक्त वेगळे दिसते, म्हणून रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार होतो. त्यासाठी माणसाने काही सेकंद डोळा एका ठिपक्यावर रोखून धरावा लागतो, आणि ज्याचे लक्ष टिकत नाही अशा रुग्णाला नेमके तेच जमत नाही. शिबिराच्या गाडीत होता तो फंडस कॅमेरा, म्हणजे पडद्याचा रंगीत फोटो काढणारे साधन. त्या फोटोत धमन्या आणि शिरा दिसतात. मधल्या ठिपक्याच्या कडेची केशवाहिन्यांची जाळी त्यात मोजता येत नाही. एका यंत्राच्या संशोधनाची जाहिरात करून दुसऱ्याच यंत्राचा कागद हातात देणे याला काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

वीस वर्षांचा आकडाही असाच दुसरीकडून उचललेला आहे. लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून मेंदूत अमायलॉइड साचू लागते, हे आता बऱ्यापैकी प्रस्थापित आहे. ते कळले मेंदूच्या पेट स्कॅनवरून आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवाच्या तपासणीवरून, डोळ्याच्या फोटोवरून नव्हे. ओसीटी अँजिओग्राफी दवाखान्यांत आली तीच २०१५ च्या आसपास. तिच्यावर वीस वर्षांचा पाठपुरावा आज अस्तित्वात असूच शकत नाही. साध्या फोटोंवर दीर्घ पाठपुरावा झाला आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम येथे पाच हजारांहून अधिक लोकांच्या पडद्याचे फोटो घेऊन त्यांच्यावर दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा ज्यांच्या शिरा रुंद होत्या त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला. पण तो संबंध दिसला तो विशेषतः मेंदूतल्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाशी. म्हणजे पडद्याच्या वाहिन्या बोलल्या त्या वाहिन्यांच्याच आजाराबद्दल, आणि त्यांचे ते बोलणे ऐकण्यासारखे आहे.

आता त्या बाईच्या कागदाकडे येतो. उजव्या डोळ्याचा फोटो चुलीच्या धुरातून घेतल्यासारखा होता. नसेची पिवळट गोल चकती जेमतेम ओळखू येत होती आणि खालच्या अर्ध्या भागात एकही वाहिनी दिसत नव्हती. त्याखाली छापले होते, ‘रक्तवाहिन्यांची घनता कमी’. मी बॅटरीच्या उजेडात डोळा पाहिला तेव्हा बाहुलीत राखाडी-पांढरा, पिकत आलेला मोतीबिंदू समोरच होता. वाहिन्या विरळ झाल्या नव्हत्या, त्या मोतीबिंदूमागे झाकल्या गेल्या होत्या. कॅमेऱ्याला दिसल्या नाहीत म्हणून यंत्राने त्या नाहीत असे लिहून टाकले. डाव्या डोळ्याचा फोटो स्वच्छ होता. त्यात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके विखुरलेले होते आणि मधल्या भागाजवळ मेणाच्या थेंबासारखे दोन पिवळे डाग. गेली कित्येक वर्षे मी हे चित्र आठवड्यातून दोन-तीनदा पाहत आलो आहे. हा मधुमेहाने बिघडलेला पडदा होता. मी विचारले, "शुगर कधी तपासली होती?" मुलगा म्हणाला, "तिले शुगर नाही जी." तपासलीच नव्हती, हा त्याचा अर्थ.

पडद्यावरील रक्तवाहिन्या बदलण्याची कारणे खेड्यात इतकी आहेत की त्यांतून अल्झायमरचा बारीक आवाज वेगळा काढणे निष्णात चमूलाही अवघड जाते. मधुमेहात केशवाहिन्या बुजतात आणि तो मधला रिकामा ठिपका मोठा होतो, म्हणजे सेंट लुइसच्या अभ्यासात जे दिसले तेच दिसते. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असेल तर धमन्या अरुंद होतात आणि जिथे धमनी शिरेवरून जाते तिथे शीर दबते. काचबिंदूत वाहिन्या विरळ होतात. तंबाखू, लांबचे न दिसण्याचा मोठा नंबर आणि नुसते वय, यांचाही प्रत्येकाचा आपापला परिणाम असतो. आपल्या भागात आणखी एक कारण आहे ज्याचा विचार सेंट लुइस किंवा अॅमस्टरडॅमच्या कागदात असण्याचे कारण नाही, ते म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हा आजार किती आहे हे येथील प्रत्येक आशाताईला ठाऊक आहे. सिकलसेलच्या रुग्णात विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी डोळ्यातल्या बारीक वाहिन्या अडवतात आणि मधला ठिपका मोठा दिसू शकतो. नुसत्या वाहकांना सहसा हा त्रास होत नाही आणि साठीपुढे रुग्ण थोडेच असतात, हे मान्य आहे. पण निरोपाच्या नव्या आवृत्तीत तपासणीचे वय चाळिशीवर आणले आहे, म्हणून हा मुद्दा लिहिणे भाग पडले. संशोधक अशा बहुतेक आजारी लोकांना अभ्यासातून आधीच वगळतात, तेव्हा कुठे त्यांना दोन गटांतला तो लहानसा फरक दिसतो. शिबिरात मात्र रांगेत उभे असतात ते नेमके वगळलेलेच लोक.

हळदीच्या दाव्याने मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले, कारण वायगावची हळद आमच्याच वर्धा जिल्ह्यातली. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. लॉस एंजेलिसच्या सिडार्स-सायनाय या संस्थेतील संशोधकांनी हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य अमायलॉइडला चिकटते आणि विशिष्ट प्रकाशात चमकते या गुणाचा उपयोग करून पडद्यावरचे डाग दिसतात का हे पाहिले, ही गोष्ट खरी आहे. जिवंत माणसांवरचा त्यांचा २०१७ मधला अभ्यास सोळा जणांचा होता. त्यांना दिले गेले ते रक्तात अधिक शोषले जावे म्हणून खास तयार केलेले कर्क्युमिन, आणि फोटो काढले ते त्यासाठी जुळवलेल्या यंत्राने. शिवाय मृत रुग्णांच्या डोळ्यांत असे डाग शोधणाऱ्या इतर काही प्रयोगशाळांना ते सापडलेले नाहीत. कढीतली हळद बहुतांशी पोटातून तशीच निघून जाते. शिबिराच्या आदल्या रात्री हळदीचे दूध पिऊन या, ही निरोपातली सूचना म्हणजे निव्वळ नाटक आहे. त्या दुधाने एवढेच होईल की साखर घातली असेल तर मधुमेही माणसाची साखर वाढेल.

‘कॉम्प्युटर निदान करतो’ हा मुद्दा यापेक्षा भारदस्त आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. हाँगकाँगच्या नेतृत्वाखालील एका आंतरराष्ट्रीय चमूने २०२२ मध्ये जवळजवळ तेरा हजार साध्या फोटोंवर संगणकाला शिकवून अल्झायमरचे रुग्ण ओळखायला लावले. प्राथमिक पडताळणीत संगणकाने शंभर रुग्णांपैकी सुमारे ९३ जणांना बरोबर पकडले आणि शंभर निरोगींपैकी सुमारे ८२ जणांना बरोबर निरोगी म्हटले. वेगवेगळ्या ठिकाणच्या फोटोंवर अचूकता बदलत गेली, पण काम चांगले होते. आता हाच उत्तम आकडा आपल्या गावांना लावून पाहू. भारतात साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांपैकी साठ-सत्तर टक्के अल्झायमरचे धरले तर दर हजार ज्येष्ठांत साधारण पन्नास होतात. संगणक या पन्नासांतले शेहेचाळीस पकडेल. उरलेल्या, अल्झायमर नसलेल्या साडेनऊशे माणसांतील अठरा टक्क्यांना, म्हणजे एकशे एकाहत्तर जणांना, तो चुकून आजारी ठरवेल. लाल अक्षरांचा कागद मिळाला एकूण दोनशे सतरा जणांना, आणि खरा आजार त्यांतल्या शेहेचाळीस जणांना. दर पाच घाबरलेल्या माणसांतील चौघे विनाकारण घाबरले. शिवाय त्या संगणकाने ओळखले ते आजार आधीच झालेल्यांना, ज्यांच्याबद्दल घरच्यांना बहुतेक वेळा कळून चुकलेले असते. वीस वर्षांनंतरचे भाकीत त्याने केलेच नव्हते. ‘शंभर टक्के’ हा शब्द ज्याने लिहिला त्याने हा हिशेब केलेला नाही, किंवा केला असेल तर लपवला आहे.

अल्झायमरच्या निदानाचे २०२४ मध्ये सुधारलेले निकष पाहिले तर त्यांत पेट स्कॅन, मणक्यातल्या द्रवाची तपासणी आणि रक्तातील पी-टाऊ २१७ हे प्रथिन यांना आधारभूत स्थान आहे. पडद्याच्या फोटोला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये रक्ताच्या अशा एका तपासणीला परवानगी दिली, तीही पंचावन्नपुढील आणि लक्षणे असलेल्या लोकांपुरती, डॉक्टरच्या देखरेखीखाली. लक्षणे नसलेल्या प्रत्येक ज्येष्ठाची चाळणी करा, असे त्या मान्यतेतही म्हटलेले नाही.

राहिले ‘लवकर कळले तर बरा होतो’ हे वाक्य. अल्झायमर बरा करणारे औषध आज जगात नाही. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला, आजार थांबवला नाही. चाचणीत ते शिरेतून दिले गेले आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा एमआरआय करावे लागते. विसरण्याची तक्रार असलेल्या माणसाला मात्र लवकर दाखवणे जरुरीचे आहेच, पण ते वेगळ्या कारणासाठी: बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, ऐकू न येणे, पडल्यावर डोक्यात साठलेले रक्त, अशी कित्येक कारणे स्मृतिभ्रंशासारखी दिसतात आणि उपचाराने सुधारतात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण ती कोपऱ्यातल्या खाटेवर सोडून देतो.

डोळ्याचा आणि विसरण्याचा एक संबंध मात्र गावात आजच कामी येण्यासारखा आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत उपचार न केलेला दृष्टिदोष नव्याने घातला. मधुमेह, रक्तदाब, बहिरेपणा, धूम्रपान आणि एकटेपणा त्या यादीत आधीपासूनच होते. अमेरिकेतल्या सिअॅटल येथे तीन हजारांवर ज्येष्ठांच्या पाठपुराव्यात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसले. तो संबंध आहे, कारण असल्याचा पुरावा नव्हे, आणि मी त्यावरून कोणाला हमी देणार नाही. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि तिने निदान माणसाला समोरचे दिसू लागते.

मुलाने आईला शिबिरात नेले होते ते ती माणसे ओळखत नाही म्हणून. मी त्याला म्हटले, "तू न बोलता दारात जाऊन उभा राहा." तो राहिला. बाई त्याच्याकडे बघत राहिली आणि मला विचारू लागली, कोण आले आहे. तो "माय" म्हणाला तशी ती ओशाळून हसली. ग्लुकोमीटरवर साखर २८६ निघाली, रक्तदाब १७० वर १००. त्या गुळगुळीत कागदाच्या पुढच्या बाजूवर पेन उमटेना, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर मी दोन्ही आकडे लिहिले, खाली ‘डाव्या डोळ्यात मधुमेहाचा पडदा, उजव्यात मोतीबिंदू’ असे लिहिले आणि जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागाचा वार लिहून दिला. मुलाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "मंग अल्झायमरचं काय जी?" मी सांगितले की साखर ताळ्यावर आल्यावर आणि मोतीबिंदू काढून झाल्यावर तिला पुन्हा घेऊन ये, तेव्हा तिला वार, महिना आणि काल रात्री काय जेवली ते विचारू, आणि उत्तर चुकले तरच पुढे मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवू.